नाताळची रात्र आणि दोन भाषा : ‘मेरी ख्रिसमस’चे तमिळ रूप

नाताळच्या सुमारास घरी परतणारा एकाकी पुरुष, लहान मुलीला सांभाळणारी एकाकी स्त्री, योगायोगाची भेट, एका रात्रीची मुदत आणि शेवटी अंगठी. अमेरिकेतील हॉलमार्क वाहिनीने वर्षानुवर्षे राबविलेल्या या प्रेमकथेच्या साच्याकडे समीक्षेने सहसा उपेक्षेनेच पाहिले आहे. साचा म्हणजे कलाहीनता, असे त्यामागील गृहीतक असते. श्रीराम राघवन यांचा ‘मेरी ख्रिसमस’ (२०२४) हे गृहीतक पुन्हा तपासावयास लावतो; त्याची तमिळ आवृत्ती तर अधिकच.

फ्रेडरिक दार यांच्या १९६१ च्या फ्रेंच कादंबरीवर आधारलेला हा चित्रपट हिंदी व तमिळमध्ये स्वतंत्रपणे चित्रित झाला. राघवन यांच्याच ‘अंधाधुन’ची (२०१८) तमिळ पुनर्निर्मिती ‘अंधगन’ (२०२४) दुसऱ्या दिग्दर्शकाने केली. येथे मात्र एकच दिग्दर्शक एकच कथा दोनदा सांगतो. त्यामुळे मूळ कोणते व अनुवाद कोणता, हा प्रश्नच गैरलागू ठरतो. कथा घडते ती शहराचे नाव अजून ‘बॉम्बे’ असतानाच्या काळात. तमिळ आवृत्तीत हे सारे शहर तमिळ बोलते. वास्तववादाच्या कसोटीवर हे न टिकणारे आहे. परंतु परीकथेच्या कसोटीवर ते सहज टिकते, आणि पूर्वार्ध ही परीकथाच आहे. (नाताळचा हा चित्रपट चेन्नईत पोंगलच्या हंगामात, १२ जानेवारीला, झळकला, हेही त्या परीकथेला शोभणारेच.)

तमिळ आवृत्तीचे खरे सामर्थ्य प्रेक्षकाच्या स्मृतीत आहे. विजय सेतुपती यांचा ‘९६’ (२०१८) हाही एका रात्रीचाच चित्रपट. त्यातील राम आणि जानू शालेय स्नेहसंमेलनानंतर चेन्नईत रात्रभर हिंडतात. सकाळी तिचे विमान असते. स्पर्शालाही संकोचणारा तो राम तमिळ प्रेक्षकाच्या घरात पोहोचला होता, तोही शब्दशः. चित्रपटगृहांत चालू असतानाच सन टीव्हीने तो २०१८ च्या दिवाळीत दाखविला. त्यामुळे उपाहारगृहात मारिया व तिची न बोलणारी मुलगी अ‍ॅनी यांच्याकडे अल्बर्ट अवघडून पाहतो, तेव्हा चेन्नईच्या प्रेक्षकाला तो परका वाटण्याचा संभव कमी. रामवरचा विश्वास तो अल्बर्टवर ठेवतो. दुबईहून आल्याचे सांगणारा हा मनुष्य वस्तुतः तुरुंगातून आला आहे, हे उघड होते तेव्हा त्या विश्वासाला बसणारा धक्का हिंदीत याच तीव्रतेने बसणे कठीण. संवाद तेच असूनही अर्थ बदलतो, तो असा.

पोलीस ठाण्यातील पात्रयोजनेतही असेच घडते. हिंदीत तेथे विनय पाठक व प्रतिमा कन्नन आहेत. तमिळमध्ये षण्मुगराजन व राधिका शरतकुमार. १९९९ मध्ये सुरू झालेल्या ‘चित्ती’ मालिकेने राधिका यांना घरोघरी जे वडीलकीचे स्थान दिले, ते त्यांच्या गणवेशाआधीच पडद्यावर येते. चौकशीला त्यामुळे घरगुती उलटतपासणीचा स्वर लाभतो. तपासाचा हा भाग दोन्ही भाषांत रेंगाळतो, हे मात्र मान्य करावयास हवे; रहस्याची गाठ बांधण्यात जी लय साधली आहे, ती उकलण्यात साधलेली नाही.

अखेरचा प्रसंग जवळजवळ शब्दांवाचून घडतो. अल्बर्ट मारियाला अंगठी देतो आणि त्याच कृतीने तिचा अपराध स्वतःवर घेतो. हॉलमार्कच्या साच्यातील मागणी येथे तंतोतंत पूर्ण होते, फक्त सजविलेल्या झाडाखाली नव्हे, तर पोलिसांच्या देखत. दोन्ही आवृत्त्यांत आजूबाजूच्या अधिकाऱ्यांचे चेहरे वेगळे आहेत. अल्बर्ट आणि मारिया यांना मात्र या क्षणी कोणत्याच भाषेची गरज उरलेली नाही.