‘तुगाक्षीरी’चा अर्थ आणि दग्धव्रणाची चिकित्सा

भाजलेल्या व्रणांवरील वनौषधींची चर्चा करताना सुश्रुताचा आधार देण्याची प्रथा आपल्याकडे रूढ आहे. तो आधार काटेकोरपणे घेतला जातो, असे मात्र म्हणवत नाही. सूत्रस्थानाच्या १२व्या अध्यायात दग्धाचे प्लुष्ट, दुर्दग्ध, सम्यग्दग्ध व अतिदग्ध असे ४ प्रकार सांगून सम्यग्दग्धावर तुगाक्षीरी, प्लक्ष, चंदन, गैरिक आणि अमृता यांचा तुपातील लेप विहित केला आहे. (प्लुष्टावर शेक सांगणारा हा अध्याय जसाच्या तसा आचरावा, असे अर्थातच नव्हे, ताज्या भाजण्यावर २० मिनिटे वाहते गार पाणी हाच आज प्रथमोपचार होय.)

मराठी लेखनात तुगाक्षीरीचा अर्थ कोठे ‘वंशलोचन’, तर कोठे ‘तवकीर’ असा दिलेला आढळतो. ‘तवकीर’ हा शब्द संस्कृत ‘त्वक्क्षीर’पासून आला, ही व्युत्पत्ती ग्राह्य आहे, फारसी ‘तबाशीर’ही त्याच कुळातला. परंतु शब्दाचे कूळ जुळले म्हणून वस्तू एक ठरत नाही. वंशलोचन हे बांबूच्या पेरांत साठणारे, मुख्यतः सिलिकायुक्त द्रव्य. घरोघरी तवकीर म्हणून ओळखले जाते ते कंदाचे पिष्ट. एकाच्या जागी दुसरे घेऊन केलेला प्रयोग यशस्वी होवो वा न होवो, सुश्रुतोक्त लेपाविषयी त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. ‘अमृता’ हे नाव गुळवेल व हिरडा या दोहोंनाही आहे. तथापि अतिदग्धावर गुळवेलीच्या पानांचे आच्छादन त्याच अध्यायात सांगितल्यामुळे तेथे गुळवेल हाच अर्थ अधिक संभवतो. तुगाक्षीरीस असा आधार तेथे मिळत नाही. म्हणून प्रयोगकर्त्याने मूळ शब्द कायम ठेवून, प्रत्यक्ष वापरलेल्या द्रव्याचे वनस्पतिशास्त्रीय नाव त्यापुढे नोंदवावे.