मॅकेन्झीचा पिसारा

उत्तर कॅनडाचा हवाई चुंबकीय नकाशा पाहताना नजर आधी रंगांवर खिळते. चुंबकत्व जास्त तिथे तांबडा-गुलाबी, कमी तिथे निळा. आणि त्या रंगांतून वळत-मुरडत गेलेले पुराणशिलांचे पट्टे. थोडे थांबले, की या वळणांवरून सरळसोट गेलेल्या बारीक रेघा उठून दिसतात. या नकाशाचा प्राण त्या रेघांत आहे.

या रेघा म्हणजे मॅकेन्झी डाइक. भूकवचातल्या भेगांत शिलारस शिरून गोठला, की खडकाची उभी भिंत तयार होते. धुळे-नंदुरबारच्या माळांवर अशा काळ्या भिंती उघड्यावर दिसतात. मॅकेन्झीच्या भिंती सरासरी तीसेक मीटर रुंद, पण त्यांचा समूह दोन हजार किलोमीटरांहून दूर पोचतो. बऱ्याच ठिकाणी वर सरोवरे, दलदल आणि हिमनद्यांनी टाकलेला गाळ. तरी त्यांच्यातले मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज लपत नाही. साधारण 300 मीटर उंचीवरून, 800 मीटरांच्या अंतराने समांतर फेऱ्या मारणाऱ्या विमानातला मॅग्नेटोमीटर ते टिपतो. हे तंत्र दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्या शोधण्यासाठी विकसित झाले. पृथ्वीचे मूळ चुंबकीय क्षेत्र आणि सूर्यामुळे दिवसभरात होणारे चढउतार वजा केले, की खडकांचे म्हणणे तेवढे उरते.

या म्हणण्यातला क्रम मला सर्वांत मोलाचा वाटतो. नकाशावर कुठेही सनावळी नाही, पण कोण कोणाला छेदून गेले हे स्पष्ट आहे. वळलेले पट्टे आधीचे. त्यांना न जुमानता गेलेली रेघ नंतरची. डाइकमधल्या खनिजातल्या युरेनियम आणि शिशाच्या प्रमाणावरून पुढे वय निघाले: सुमारे 126.7 कोटी वर्षे. आकडा प्रयोगशाळेने दिला. आधी-नंतरचा निवाडा रेघांनीच केला होता.

सर्वांत सुंदर जागा अगदी उत्तरेला आहे. आग्नेयेकडे, दक्षिणेकडे पसरलेल्या साऱ्या रेघा मागे नेल्या, तर त्या व्हिक्टोरिया बेटाच्या परिसरात एकत्र येतात आणि मोराचा पिसारा पुरा होतो. पिसाऱ्याच्या मुळाशी भूगर्भातून वर आलेला उष्ण प्रवाह असावा, असे मानले जाते. डाइकच्या नमुन्यांतली चुंबकीय कणांची ठेवण तपासली, तेव्हा केंद्राजवळ शिलारस उभा चढला आणि सुमारे 500 किलोमीटरांपलीकडे आडवा वाहत गेला, असे दिसले. म्हणजे ही स्थिर दिसणारी रेघ एका प्रवासाची वाट आहे.

एकाच चुंबकीय नोंदीतून खोलीचे अनेक अर्थ निघू शकतात. म्हणून हातोडा घेऊन जमिनीवर फिरणारा भूशास्त्रज्ञ हवाच. पण कुठे फिरायचे आणि काय विचारायचे, हे त्याला हा नकाशा सांगतो. एका दगडापाशी उभे राहून जो आकार कधीच दिसला नसता, तो अर्धे खंड एका दृष्टिक्षेपात आणून दाखवणे, ही या नकाशाची थोरवी.