गावकूस आणि सरहद्द

स्थलांतराच्या नैतिक चर्चेत मायकेल वॉल्झर यांच्या ‘स्फिअर्स ऑफ जस्टिस’ (१९८३) या ग्रंथातले सदस्यत्वाविषयीचे प्रकरण ओलांडून पुढे जाता येत नाही. आपल्यात कोणाला घ्यायचे, हे आधीच्या सदस्यांनी ठरवावे, ही त्यांची भूमिका. शेजार, क्लब आणि कुटुंब या तीन उपमांनी ते ती मांडतात. उपमांपेक्षा वजनदार आहे तो त्यांचा इशारा: राष्ट्राची भिंत पाडली, तर ठिकठिकाणी लहान लहान गढ्या उभ्या राहतील, देश बंद असू शकतो, म्हणूनच शेजार मोकळा राहतो.

मराठी वाचकाने इथे थबकायला हवे. गावकूस पासपोर्टाहून कितीतरी जुनी, आणि पासपोर्ट आल्यावरही ती पडली नाही. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे अस्पृश्यांना खुले केले. १९२७ च्या सत्याग्रहानंतर तोच ठराव तिने मागे घेतला. आधीच्या सदस्यांनी सदस्यत्वाविषयी घेतलेला निर्णयच तो! वॉल्झर म्हणतील, बंद सरहद्द ही आवश्यक अट आहे, पुरेशी नव्हे. मान्य. पण मग शेजार मोकळा होतो कशाने? महाडला तो बाहेर ठेवलेल्यांच्या लढ्याने आणि दहा वर्षे चाललेल्या दाव्याने झाला.

वॉल्झर यांना हा अन्याय दिसत नाही असे नाही. पश्चिम युरोपातल्या पाहुण्या कामगारांची तुलना ते प्राचीन अथेन्समधल्या हक्कहीन परदेशी रहिवाशांशी करतात. श्रम आत आणि माणूस बाहेर, ही व्यवस्था त्यांना जुलमाची वाटते. अशांना नागरिकत्व दिलेच पाहिजे, असे ते बजावतात. प्रकरणातली ही पाने मला सर्वांत मोलाची वाटतात. पण हा न्याय सुरू होतो तो उंबरा ओलांडल्यावर. दाराबाहेर उभ्या असलेल्याला आश्रयाची याचना करता येते, हक्क सांगता येत नाही.

जोसेफ कॅरन्स यांनी १९८७ च्या निबंधात नेमके इथेच बोट ठेवले. श्रीमंत देशातला जन्म ही त्यांच्या मते सरंजामी वतनासारखी गोष्ट. (जन्माने मिळणारे वतन आपल्याला वेगळे समजावून सांगायला नको.) क्लब हा खासगी व्यवहार, राज्यसंस्था सार्वजनिक, क्लबचा नियम तिला लावता येत नाही, असे ते म्हणतात. चवदार तळ्याच्या दाव्यातही तळे खासगी की सार्वजनिक, हा वाद होताच. शिवाय वादींनी प्राचीन वहिवाटीचा आधार घेतला होता. १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती वहिवाट अनादी असल्याचे सिद्ध झालेले नाही, असा निर्णय दिला.