खाली नसलेला ठेका

आमच्या पोंभुर्ण्याच्या आसपास दिवाळी सरली की नाटके सुरू होतात. झाडीपट्टीतला हा हंगाम होळीपर्यंत चालतो. गावात शंकरपट असला की रात्री नाटक ठरलेलेच. कापणी झालेल्या धानाच्या बांधीत मंडप पडतो, दहा-अकराला पडदा उघडतो आणि लोक उठतात ते उजाडल्यावर. पूर्वी या नाटकांना साथ असायची ती ऑर्गन, तबला आणि ढोलकाची. आता सिंथेसायझर आणि ऑक्टोपॅड आले आहेत. काही वर्षांपूर्वी अशाच एका नाटकाला मी एका जुन्या ऑर्गनवादकाशेजारी बसलो होतो. त्या हंगामात त्यांना काम नव्हते. नव्या वाद्यावर एक पोरगा वाजवत होता, आणि खाली तयार ताल सुरू होता. बराच वेळ ऐकून ते म्हणाले, "बरा वाजवते जी भाऊ, पर दम नाही घेत."

वादकाविषयी म्हणाले की वाद्याविषयी, हे मी विचारले नाही. पण त्यांचे वाक्य एका तबकडीपाशी मला पुन्हा पुन्हा घेऊन गेले. चरणजित सिंग या मुंबईच्या वादकाने 1982 साली ध्वनिमुद्रित केलेली ही तबकडी. नाव 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट'. दहा राग, प्रत्येकी साधारण पाच मिनिटे, आणि सगळे डिस्कोच्या ठेक्यावर. तबला नाही, तानपुरा नाही, दुसरा वादक नाही. तीन यंत्रे आणि एक माणूस.

चरणजित सिंग यांचा जन्म 1940 चा. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात ते बेस गिटार आणि विजेवर चालणारी कळफलकाची वाद्ये वाजवत. राहुलदेव बर्मन यांच्यासह त्या काळातल्या बहुतेक मोठ्या संगीतकारांकडे त्यांनी काम केले. चित्रपटगीतांच्या धुना वाद्यावर वाजवलेल्या त्यांच्या तबकड्याही निघत, लग्नसमारंभात त्यांचा वाद्यवृंदही असे. म्हणजे गवई नव्हेत, घराण्याचे नव्हेत. सांगितलेले काम चोख करणारे रोजंदारीचे कलावंत. भारतात विजेच्या संगीताचा प्रयोग त्यांच्याआधी झाला नव्हता असे नाही. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत 1969 साली डेव्हिड ट्यूडर या अमेरिकी संगीतकाराच्या मदतीने मूग सिंथेसायझरसह स्टुडिओ उभा राहिला होता. मुंबईत केर्सी लॉर्ड यांनी ही वाद्ये चित्रपटसंगीतात रुजवली होती. परंतु एक प्रयोगशाळा होती आणि दुसरा पार्श्वसंगीताचा धंदा. सिंग यांनी या वाद्यांवर थेट रागच वाजवायला घेतला.

त्यांच्याकडची तिन्ही यंत्रे रोलंड या जपानी कंपनीची होती. जुपिटर-8 हा सिंथेसायझर, टीआर-808 हे ताल वाजवणारे ड्रम मशीन आणि टीबी-303 हे बेसचे छोटे यंत्र. काळही अनुकूल होता. 1980 च्या 'कुर्बानी'तले नाझिया हसनचे गाणे घरोघर पोचले होते. 1982 साली 'डिस्को डान्सर' आला. ग्रामोफोन कंपनीने तबकडी काढली, पण ती फारशी खपली नाही. शास्त्रीय ऐकणाऱ्याला त्यात डिस्को दिसला, डिस्को मागणाऱ्याला राग. दोघांनीही ती दुकानात ठेवली.

पुढची हकीकत आता बरीच सांगितली जाते. एडो बाउमन या डच संग्राहकाला 2002 साली दिल्लीत ही तबकडी मिळाली. त्यांनी मुंबईत सिंग यांना शोधून काढले आणि 2010 साली आपल्या 'बॉम्बे कनेक्शन' या लेबलतर्फे ती पुन्हा काढली. युरोपात खळबळ उडाली. कारण त्यात जो आवाज होता तो तिथल्या लोकांच्या मते 1982 सालचा असूच शकत नव्हता.

हे कारण थोडे उलगडायला हवे. टीबी-303 हे यंत्र एकट्याने गिटार वाजवणाऱ्याला बेसची साथ मिळावी म्हणून 1981 च्या अखेरीस बाजारात आले. खऱ्या बेस गिटारसारखे ते वाजेना, म्हणून पडले आणि 1984 पर्यंत बंदही झाले. मग जुन्या सामानाच्या दुकानात स्वस्तात मिळू लागले. शिकागोतल्या 'फ्यूचर' या गटातल्या तरुणांनी ते घेतले, त्याच्या खुंट्या वाजता वाजता फिरवल्या, आणि त्यातून निघालेल्या चिवचिवत्या, पिळवटलेल्या आवाजाची 'ॲसिड ट्रॅक्स' ही तबकडी 1987 साली आली. तिथून 'ॲसिड हाऊस' नावाचे नृत्यसंगीत जन्मले आणि इंग्लंड-युरोपातल्या क्लबांत पसरले. तोच आवाज पाच वर्षे आधी मुंबईत, आणि तोही भैरव-मालकंसात! एखाद्या युरोपीय संगीतकाराने केलेली ही थट्टा आहे, अशीही शंका तेव्हा काहींनी घेतली. शंका फिटल्यावर सिंग यांना ॲसिड हाऊसचे जनक ठरवण्यात आले. म्हातारपणी ते युरोपात कार्यक्रम करून आले. 2015 च्या जुलैत मुंबईत त्यांचे निधन झाले.

आपल्याकडे या हकिकतीचा आनंद झाला तो 'आम्ही आधी केले होते' या जातीचा. मला तो आनंद पुरत नाही. एक तर शिकागोच्या तरुणांनी ही तबकडी ऐकली होती याला काही पुरावा नाही. आणि स्वतः सिंग यांना ॲसिड हाऊस हे नावही नंतरच कळले. ज्याला वंश नाही त्याला जनक कसे म्हणायचे? दुसरे, दोघांचे यंत्र एक असले तरी कान वेगळे आहेत. शिकागोत स्वर जवळपास जागचे हलत नाहीत. फिरतो तो आवाजाचा पोत. सिंग यांचे लक्ष स्वरावर आहे. 303 खाली फिरते आहे, पण ते वर चाललेल्या रागासाठी. आणि तिसरे, सर्वांत महत्त्वाचे : पहिला कोण या वादात, या तबकडीत राग उतरला आहे की नाही, हे कोणी विचारलेच नाही. राग आपले. उत्तरही आपणच द्यायला हवे.

यंत्रावर राग वाजतो का, हा प्रश्न मराठी माणसाला नवा नाही. पेटीचा वाद आपण पाहिला आहे. 1940 साली आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली, आणि ती सैल व्हायला 1971 उजाडले. आक्षेप मुख्यतः दोन होते : पेटीवर मींड येत नाही, आणि तिच्या बारा पट्ट्यांत आपल्या श्रुती बसत नाहीत. त्याच काळात आपली संगीत नाटके ऑर्गनवर आणि पायपेटीवर उभी होती. म्हणजे शास्त्र नाही म्हणत होते आणि रंगभूमी वाजवत होती.

या दोन कसोट्यांवर सिंग यांची तबकडी निम्मी उतरते. मींडीच्या बाबतीत त्यांचे यंत्र पेटीच्या पुढे आहे. जुपिटरवर एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय आहे; 303 मध्येही दोन स्वर जोडणारी घसरण आहे. गतीमधले स्वर सुटे सुटे पडत नाहीत, एकमेकांना धरून जातात, ते यामुळे. पण घसरण म्हणजे आंदोलन नव्हे. भैरवाचा रिषभ आणि धैवत झुलवायला वेळ लागतो, आणि या लयीत तो वेळ नाही. सुरुवातीला यंत्राच्या आवाजात 'ॐ नमः शिवाय' येते, त्यातून भैरवाचे वातावरण सुचते. स्वरातून ते तितके येत नाही. तोडीचे तर आणखी कठीण. तोडी उभी असते तिच्या खूप उतरलेल्या गंधारावर. समान अंतराने बसवलेल्या बारा स्वरांत तो गंधार मिळत नाही, आणि तो नसला की तोडीचा सांगाडा राहतो, चेहरा जातो.

याउलट भूपाळी, कलावती, मालकंस आणि बैरागी. दहापैकी हे चार राग पाच स्वरांचे. त्यांची ओळख एका सूक्ष्म स्वरापेक्षा स्वरांच्या चालीत अधिक आहे, आणि चाल यंत्राला सांभाळता येते. मालकंसात मध्यम पुन्हा पुन्हा येऊन बसतो, खाली 303 त्याच स्वरांची घुंगुरमाळ चालवते, आणि ऐकणाऱ्याला राग सांगावा लागत नाही. निवड विचारपूर्वक झाली की सवयीने, हे ठरवता येणार नाही. पण यंत्राला काय झेपते हे हातांना ठाऊक होते.

माझी खरी अडचण ठेक्याची होती. तीनतालाच्या सोळा मात्रा आणि 808 वरची सोळा बटणे, हे साम्य पाहून पहिल्यांदा मी हरखलो होतो. पण साम्य आकड्यापुरतेच. तीनतालात चार भाग असतात आणि चौघांचे वजन सारखे नसते. पहिल्या मात्रेवर सम. खालीच्या भागात डग्ग्याचा घुमारा थांबतो, ठेका जणू श्वास आत घेतो, आणि त्यामुळेच पुढची सम येते आहे हे ऐकणाऱ्याला कळते. मैफिलीत समेवर माना डोलतात त्या खालीमुळे. डिस्कोच्या ठेक्यात प्रत्येक ठोका सारखा दणकतो. सगळ्याच मात्रा भरलेल्या. जिथे खाली नाही तिथे सम कशी असणार? आणि सम नसेल तर गत परतणार कुठे? ऑर्गनवादकांचे 'दम नाही घेत' हेच होते. त्यांनी शास्त्राचा शब्द वापरला नाही, इतकेच.

त्यामुळे बरीच वर्षे माझे मत असे होते की ही तबकडी म्हणजे एक देखणी चूक आहे. ते मत बदलले ते त्याच गृहस्थांमुळे. एका दुपारी त्यांच्या पडवीत बसून मी त्यांना मोबाइलवर मालकंस ऐकवला. ऐकता ऐकता त्यांचा हात सवयीने मांडीवर ताल धरू लागला. टाळी पडली, मग खालीसाठी हात उलटला, पण ठेक्याने साथ दिली नाही. असे चार-पाचदा झाले. मग हात मांडीवर तसाच पडून राहिला आणि डोळे मिटले. शेवटपर्यंत त्यांनी पुन्हा ताल धरला नाही.

त्यांनी ठेका सोडून दिला होता, आणि तेव्हा कुठे ते ऐकू लागले होते. मला वाटते या तबकडीची किल्ली तिथे आहे. सिंग यांनी तबल्याच्या जागी 808 बसवले असे आपण समजतो, म्हणून तिथे तबला शोधतो आणि तो सापडत नाही. प्रत्यक्षात 808 आणि 303 मिळून काम करतात ते तानपुऱ्याचे. तानपुऱ्यालाही सम नसते, खाली नसते. तो कोणाची वाट पाहत नाही, कोणाला दाद देत नाही. एकसारखा फिरत राहतो, आणि त्या फिरण्यातूनच स्थिरता तयार होते. हा तानपुरा तारेचा नसून ठोक्यांचा आहे, एवढाच फरक. अशा कानाने ऐकले की पुढची गोष्टही कळते : क्लबात लोक या संगीतावर तासन्‌तास का नाचू शकतात. त्यांना समेवर पोचायचे नसते. राहायचे असते.

रागांच्या क्रमालाही मग अर्थ येतो. सुरुवात पहाटेच्या भैरव-ललताने. पुढे सकाळची तोडी, दुपारनंतरची मधुवंती, पावसाचा मेघमल्हार, संध्याकाळचा यमन, रात्रीची कलावती, उत्तररात्रीचा मालकंस, आणि शेवटी पुन्हा सकाळचा बैरागी. मध्येच अवेळी येणारी भूपाळी सोडली तर तबकडी दिवसाची एक फेरी करते. रात्र जागून पहाट गाठणे हे क्लबाचे असते तसे आमच्या नाटकाचेही असते.

तरीही हरवले ते हरवलेच. तबलजी गवयाकडे पाहतो, गवई तबलजीकडे. एकाने अडवले तर दुसरा सोडवतो. एकट्या माणसाच्या तीन यंत्रांत हे बोलणे नाही. ही उणीव सिंग यांच्या गुणाची नाही, योजनेची आहे. आणि म्हणून त्यांचे अनुकरण करताना सावध राहायला हवे. आमच्या नाटकांत आणि वरातीच्या धुमालात आज यंत्रे आली म्हणून मी गळा काढणार नाही. एकेकाळी ऑर्गनही परकाच होता. पण नाटकातले पद नटाच्या श्वासावर चालते. नट शब्दापाशी थांबला तर साथ थांबली पाहिजे. तिथे न थांबणारा तयार ताल लावणे म्हणजे तबल्याचे काम तानपुऱ्याला सांगणे. सिंग यांनी यंत्राला त्याचे काम दिले. आपण बहुतेकदा ज्याला काढून टाकले त्याचे देतो.

मालकंस संपल्यावर त्या गृहस्थांनी विचारले, "नाव काय जी या माणसाचं?" मी सांगितले. चित्रपटाच्या ज्या गाण्यांत हा माणूस वाजवत होता त्यांच्या तबकड्यांवर वादकांची नावे सहसा नसत, हेही सांगितले. ते उठून आत गेले आणि जुन्या नाटकांच्या पत्रकांची एक घडी घेऊन आले. कागद पिवळे पडले होते. प्रत्येक पत्रकावर नटांच्या नावांखाली, बारीक टाइपात, ऑर्गनपुढे त्यांचे नाव होते. एकेक उलगडून त्यांनी मला दाखवले आणि पुन्हा होते तसे घडी करून ठेवले.