चाचणी-आवृत्ती आणि वापरकर्त्याचा अभिप्राय : एक चिकित्सा

13 सप्टेंबर 2000 रोजी ॲपलने ‘मॅक ओएस एक्स’ या संगणक-प्रणालीची सार्वजनिक बीटा आवृत्ती 29.95 डॉलरला विक्रीस ठेवली. दोष शोधण्याचे श्रम ग्राहकाचे आणि त्याचे मूल्यही ग्राहकानेच मोजायचे, हा व्यवहार विलक्षणच म्हणावा लागेल! तथापि तिचे खरे मूल्यमापन अन्यत्र करावे लागते. मेनूपट्टीच्या डाव्या टोकाचे, वर्षानुवर्षांच्या सवयीचे सफरचंद-चिन्ह या आवृत्तीत पट्टीच्या मध्यभागी बसविण्यात आले होते; त्यावर क्लिक केल्यास काहीही घडत नसे. जुने वापरकर्ते नाराज झाले आणि 24 मार्च 2001 च्या पहिल्या पूर्ण आवृत्तीत ते चिन्ह मेनूसह मूळ जागी परतले.

मायक्रोसॉफ्टच्या ‘विंडोज 8’ची विकसकांसाठीची पूर्वावृत्ती सप्टेंबर 2011 मध्ये आली. ‘स्टार्ट’ मेनूऐवजी पडदाभर पसरलेल्या चौकटींवर टीका झाली. फेब्रुवारी 2012 च्या चाचणी-आवृत्तीत तर स्टार्टचे बटणही नाहीसे झाले. ते परतले ऑक्टोबर 2013 मध्ये, 8.1 या सुधारणेत, तेही मेनूविना. चाचणी दोन्हीकडे झाली. मात्र पहिल्या प्रसंगी आराखडा खुला होता. दुसऱ्या प्रसंगी तो जणू आधीच ठरला होता आणि वापरकर्त्याने त्यातील किरकोळ दोषच काय ते नोंदवावयाचे होते.