फुकटच्या अक्षरांचे मोल

दिवाळी अंकात कथा-कवितांचा परामर्श घ्यावा, असा रिवाज आहे. तो मोडून, ज्या अक्षरांत आपण त्या कथा-कविता वाचतो त्या अक्षरांविषयीच चार शब्द लिहिले, तर वाचक रागावणार नाहीत अशी आशा आहे.

आमच्या नांदेड-लातूरकडचा मुलगा पहिल्या इयत्तेत देठाचा श आणि पाकळीचा ल गिरवतो. शासनाने २००९ साली मराठीची लिपी प्रमाणित केली, तीही या वळणांना धरूनच. तोच मुलगा घरी वडिलांचा मोबाईल उघडतो, तेव्हा पुष्कळदा हिंदीत रुळलेली निराळीच वळणे त्याला दिसतात. ‘गुरुजी, यांतले बरोबर कोणते?’ हा त्याचा प्रश्न दिसायला बाळबोध आहे. मुळाशी मात्र तो पैशाचा आहे.

मोबाईलवरील अक्षरांच्या साच्याला फॉन्ट म्हणतात. त्यांतले काही मुक्त परवान्याचे असतात. कोणीही ते घ्यावेत, वापरावेत, सुधारावेत आणि वाटावेत. घेणाऱ्याला ते फुकट मिळतात. घडवणाऱ्याला मात्र शेकडो जोडाक्षरे एकेक करून जुळवावी लागतात. ‘लोहित’चा खर्च रेड हॅट कंपनीने उचलला. आठशेंवर भाषांना पुरणारा ‘नोटो’ गूगलने मोनोटाइपकडून करवून घेतला आणि २०१६ साली तो जगापुढे मांडला. आपल्या राज्य मराठी विकास संस्थेनेही ‘यशोमुद्रा’ करवून घेऊन तो सर्वांना खुला केला.

कंपन्यांचे हे उपकार नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु दात्याची नजर मोठ्या बाजाराकडे असते, हेही विसरता येत नाही. अनेक फॉन्टांत मराठी वळणे आहेत खरी. पण मजकूर मराठीचा आहे अशी खूण यंत्राला मिळाली तरच ती पुढे येतात. आपल्याच घरात बोलावल्याखेरीज ओसरीवर यायचे नाही, अशी त्यांची गत आहे.

सरकारी पैशाचा दोष निराळा. त्याला नव्याची हौस फार आणि जुन्याच्या देखभालीचा कंटाळा. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आले, तेव्हा त्या गाडीची छायाचित्रे देशभर झळकली. विहिरीतला गाळ काढणाऱ्याचे छायाचित्र कोण छापतो? नव्या यंत्रावर एखादे जोडाक्षर तुटले, तर ते सांधणारा माणूस बहुधा पोटाचा उद्योग सांभाळून, रात्री जागून ते काम करीत असतो.

म्हणून आम्हांला दुसरा मार्ग शहाणपणाचा वाटतो. जर्मनीने २०२२ साली अशा मुक्त आज्ञावलींच्या देखभालीसाठी सरकारी निधी उभारला. २०२४ साली आपल्याकडील झेरोधा कंपनीने, आधीच चालू असलेल्या मुक्त प्रकल्पांसाठी वर्षाला दहा लाख डॉलर देण्याचे जाहीर केले. नवे देऊळ बांधण्यापेक्षा जुन्यातला दिवा तेवत ठेवण्याची ही रीत आहे. महाराष्ट्र शासनाने मराठी अक्षरांसाठी असा वार्षिक निधी ठेवावा आणि त्याचा हिशेब उघड मांडावा. साहित्यसंमेलनांच्या मांडवापुढे ही रक्कम जड वाटू नये.

‘दोन्ही बरोबर’ असे सांगून त्या मुलाच्या प्रश्नातून वेळ मारून नेता येते. पण मग पाटीवरचे अक्षर कोणी ठरवायचे, हे आपण दुसऱ्याच्या खिशावर सोपवले, असाच त्याचा अर्थ होईल.