प्रसंग अडतो तो कुठं?

दोस्तहो, आपल्यातल्या कथा लिहिणाऱ्यांचं एकच गाऱ्हाणं कानावर येतं : कथा सुरू होते, अन् ऐन प्रसंगावर येऊन पेन थांबतं. पांढरपेशे टीकाकार यावर सांगतात, मूड येईपर्यंत थांबा. आठ तास साच्यावर उभं राहून येणाऱ्यानं कुठल्या मूडची वाट बघायची?

माझं म्हणणं असं की, प्रतिभा आटली म्हणून पेन थांबत नाही. त्या प्रसंगातल्या माणसाला त्या घडीला काय पाहिजे, हेच आपण ठरवलेलं नसतं. आपल्याला मात्र त्याच्याकडून सगळं पाहिजे असतं : हजारो वर्षांचा संताप, विद्रोह, वर भाषण. एवढं ओझं घेऊन तो पाऊल कसं उचलणार?

बाबूराव बागुलांची 'जेव्हा मी जात चोरली होती' पुन्हा काढून बघा. संग्रह १९६३ चा. नायक गुजरातेत रेल्वेत कामाला लागलाय. त्याला काय पाहिजे? राहायला खोली. बस्स. खोलीसाठी जात लपवायची, लपवली म्हणून जो मान देतो त्याचाही धाक, आणि शेवटी मार. मनू येतो तो शेवटी. आधी भाड्याची खोली येते. म्हणून ती कथा अडत नाही. (बागुलांची भाषा काही जागी फार चढते, हे मी म्हणणारच. पण चढते तेव्हाही पायाखाली त्या खोलीची जमीन असते.)

एक दोस्त महाडवर कथा लिहितोय. २० मार्च १९२७, चवदार तळं. त्याचा नायक ओंजळ भरतो अन् भाषण सुरू करतो. पुढं ओळ नाही. मी म्हटलं, गड्या, ओंजळ राहू दे. पाणी पिऊन लोक मंडपाकडं परतले. गावात अफवा उठली, हे आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार. मंडपात लोक जेवत होते, तिथं लाठ्या घेऊन जमाव आला, अन्न मातीत मिळवलं. तुझा माणूस लांबच्या गावाहून पायी आलाय. त्याला भूक लागलीय. हातात घास आहे. तिथून लिही.

"मग पाण्याचं काय?" तो म्हणाला.

बाही ओली असू दे, म्हटलं.

काल रात्रपाळी सुटताना त्यानं तीन पानं हातात ठेवली. नायक अजून एक शब्द बोललेला नाही. सांडलेला भात बघतोय.